गोडबाव बेटावर कोण राहतं

दांडी गावच्या पारू पागधरेशी भांडायचं तर आधी पोटभर जेवून घ्यावं लागे, कारण भांडण जेवणवेळेपर्यंत संपेल याची खात्री नसे. स्वतःच्या नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि मासळीवर तर मुळीच नाही, असा तिचा खाक्या. तिचा नवरा देवू हा अगदी साधा माणूस. समुद्रात वाऱ्याला न डगमगणारा हा गडी घरात मात्र मनातल्या मनात भांडायचा आणि तिथेही हरायचा.

पण पारू उगाच भांडणारी बाई नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे बाई दोनदा खरं बोलली की तिला भांडकुदळ म्हणायची पद्धत आहे. पारू तर रोजच खरं बोलायची. तेव्हा तिचं नाव काय पडणार?

ती जन्मली दांडीतच आणि चार घरं ओलांडून सासरी आली. पण तिचं खरं सासर गावात नव्हतं, ते होतं समोरच्या बेटावर. खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्यापासून अर्ध्या मैलावर हे बेट. वर खडकाळ माळ, कडेनं ताडाची चाळीसेक झाडं आणि मधोमध एक विहीर. चहूकडे खारं पाणी असून त्या विहिरीचं पाणी गोडं लागे. विहिरीला तिकडे बाव म्हणतात, म्हणून बेटाचं नाव गोडबाव.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ पडला की पागधऱ्यांच्या सात घरांची माणसं होड्या भरून गोडबाववर जायची. तिथे बांबूचे खांब रोवून, त्यांवर आडव्या काठ्या बांधून बोंबील वाळत घालायच्या वलांड्या उभ्या करायच्या. शेजारी विणलेल्या झावळ्यांच्या, म्हणजे झापांच्या झोपड्या. चारी अंगांनी वारा, त्यामुळे तिथला बोंबील दोन दिवसांत काडीसारखा वाळायचा. पोरंबाळं, कोंबड्या, चुली, सगळा संसार ज्येष्ठ लागेपर्यंत बेटावरच. मग वारा फिरला की खांब उपटायचे, झाप सोडायचे आणि सगळं होडीत घालून गावात परत यायचं. पावसाळ्याचे दिवस बेट एकटं.

पारूची धाकटी लेक शकू त्या बेटावरच जन्मली. सुईण यायच्या आत जन्मली, कारण भरती उतरून होडी चिखलात रुतली होती आणि शकूला धीर नव्हता. ती आईवर गेली, असं देवू म्हणायचा. मोठ्यानं नाही अर्थात.

लग्नानंतरच्या पहिल्या ज्येष्ठात सासू बुधीनं पारूला एक काम शिकवलं. खडकाळ माळावर खांब नुसता रोवता येत नाही. त्यासाठी देवूच्या आजानं, बापानं, चुलत्यांनी पहारीनं कातळात हातभर खोल गड्डे पाडले होते. एकेका गड्ड्याला दोन-दोन दिवस लागलेले. खांब उपटला की गड्ड्यात पावसाची माती आणि रेती भरणार, मग पुढल्या साली तो शोधायचा कुठे आणि उकरायचा कधी? म्हणून प्रत्येक गड्ड्यात एक करवंटी पालथी बसवायची, वर चपटा दगड ठेवायचा. श्रावणात त्यावर गुडघाभर गवत वाढे आणि दगड दिसेनासे होत.

“पायानं पाठ कर,” बुधी म्हणाली होती. “डोळे फशिवतात, पाय नाय.”

पारूनं पायानं पाठ केलं. दोनशे चौदा गड्डे. बुधी गेल्यावर दर ज्येष्ठात शेवटची करवंटी पारूच बसवायची, आणि ती बसल्याखेरीज होडी सुटायची नाही.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं आणि बोईसरच्या रस्त्यावर ट्रकांची धूळ उडायला लागली, तेव्हाची, म्हणजे एकोणीसशे पासष्ट सालची ही गोष्ट. लांबलांबचे इंजिनिअर बायकामुलांसकट येऊन राहायला लागले. बोईसरच्या चहाच्या टपरीवर हिंदी ऐकू येऊ लागली. आता एवढी शिकलेली माणसं आली म्हणजे त्यांना रविवारी हवा खायला जागा हवी, हे ओघानं आलंच. म्हणून मुंबईच्या काही मंडळींनी ‘सागरविहार मंडळ’ काढलं आणि त्या मंडळाच्या डोळ्यांत गोडबाव भरलं.

आषाढाच्या सुरुवातीला शकूनं एक छापील पुस्तिका घरी आणली. ती सातवी झालेली, तारापूरच्या दुकानात पुस्तिकांचा गठ्ठा पाहिला आणि वरच्या चित्रातले ताड ओळखीचे वाटले म्हणून एक उचलली. पारू दारात बसून सुक्या जवळ्यातला कचरा वेचत होती. शकूनं वाचायला घेतलं.

“‘रजतद्वीप. पर्यटकांसाठी व भावी रहिवाशांसाठी संक्षिप्त परिचय.’”

“ह्यो कोन रजत?” पारूनं विचारलं.

“आपला गोडबाव, आय.”

पारूचा जवळ्यातला हात थांबला. “वाच.”

“‘तारापूरच्या किनाऱ्यानजीकचे हे रमणीय बेट संपूर्णतः निर्जन असून मानवी वावराच्या कोणत्याही खुणा येथे आढळत नाहीत.’”

“निर्जन म्हंजे?”

“म्हंजे कोनी नाय ऱ्हात.”

देवू कोपऱ्यात जाळं सांधत होता, त्यानं हळूच मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. पुढे काय होणार ते त्याला कळलं होतं.

शकू वाचत गेली. बेटावर गोड्या पाण्याचा अभाव असून मंडळ टाकी बांधणार होतं. पर्यटकांनी वर्षाकाळात यावे, तेव्हा बेट हिरवेगार असते. उतरण्यास दक्षिणेची वाळू सोयीची. पर्यटकांसाठी विश्रामगृह, रहिवाशांसाठी बारा बंगले. रहिवाशांना परसात फुलझाडे लावता येतील, मात्र कोंबड्या पाळण्यास मनाई राहील.

“दक्षिनेला?” पारू ओरडली. “दक्षिनेला रुतन हाय! गुराला गिळंल असा चिखल हाय तिथं! आनि वर्षाकाळात या म्हनं. वर्षाकाळात आमी नाय जात, आमचा जन्म गेला तिथं! कोनी लिवलाय ह्यो?”

शेवटच्या पानावर बारीक अक्षरात नाव होतं. पाहणी व लेखन, पुंजाराम, मंडळाचे निरीक्षक. आणि त्याखाली एक सूचना. बेट मंडळास मिळावे असा अर्ज केला असून कोणास हरकत असल्यास त्याने पालघरच्या कचेरीत मामलेदारांसमोर सांगावी.

कोंबड्यांवर मनाई हे तिला सगळ्यात लागलं. जिथे माणूसच राहत नाही तिथे कोंबडी कुणाची अडवता, हा तिचा प्रश्न, आणि मला अजून त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ती शकूला घेऊन बोईसरला चालत गेली आणि तिथून गाडीनं पालघरला. कचेरीच्या बाकावर तिनं सकाळ काढली, दुपार काढली. शिपायानं उद्या यायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “उद्या बी मीच येनार हाय, तवा तुमीच बगा.” मग त्यानं आत सोडलं.

मामलेदार वयस्कर होते आणि शांत होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. शेजारी मंडळाचा पुंजाराम बसलेला. नगरकडचा, तिशीतला, कोट घातलेला, समुद्र पाहून जेमतेम वर्ष झालं होतं त्याला. माणूस लबाड नव्हता. गेल्या साली भर आषाढात कुठूनशी लाँच मिळवून तो बेटावर गेला, तासभर फिरला, एक झोपडी दिसली नाही, एक माणूस दिसला नाही. जे पाहिलं ते लिहिलं.

“बाई, तुमच्याकडे काही कागद आहे?” मामलेदारांनी विचारलं.

“कागद पान्यात भिजतो, सायब. आमच्याकडं बेट हाय.”

“मग मी बेटच पाहतो,” मामलेदार म्हणाले. लाँच बेटाला मोठ्या भरतीलाच लागते, म्हणून अवसेनंतरचा दुसरा दिवस ठरला. श्रावणातला दुसरा दिवस. “जे दिसेल ते मी लिहीन. वस्तीची खूण दिसली तर तुमची जागा तुम्हाला. नाही दिसली तर मात्र माझा इलाज नाही.”

परतीच्या वाटेवर पारूनं बोटांवर दिवस मोजले आणि पुन्हा एकदा मोजले. नारळी पौर्णिमा त्याच्या पुढे तेरा दिवस होती. समुद्राला नारळ पडल्याखेरीज दांडीतली होडी पाण्यात जात नाही. म्हणजे मामलेदार येणार तेव्हाही बेटावर गवतच असणार. पुंजारामानं पाहिलं तेच साहेबही पाहणार, आणि तेच पुन्हा लिहिलं जाणार, या खेपेस सही-शिक्क्यानिशी.

गावात आल्या आल्या ती भगवंतकडे गेली. भगवंत तांडेल गावचा म्होरक्या, पिकल्या मिशांचा. पाच-सात जण भोवती जाळी घेऊन बसलेले.

“भगवंतदादा, एक दिवस होडी द्या. बांबू नेते, चार खांब हुबे करते, परत येते.”

“नारळ पडल्याबिगर?” भगवंतनं जाळं खाली ठेवलं. “पारू, माझ्या बापानं नाय केला, मी नाय करनार. दर्याला इचारल्याबिगर कोनी जायचा नाय.”

“मंग बेट जाऊं द्या? सात घरांनी बोंबील कुठं वाळवायचा? इथं वलांड्यांना वलांड्या खेटून हायत, पाय ठेवाया जागा नाय!”

“ते मला कळतंय गो. पन नेम तो नेम.”

पारूनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, सगळे खाली मान घालून जाळ्याच्या गाठी मारत बसलेले. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. खरं सांगायचं तर तिलाही नेम मोडायचा नव्हता. देवू त्याच दर्यावर जायचा. आपण नेम मोडला आणि उद्या त्याला काही झालं तर? भगवंतला जे बोलली नाही ते हेच होतं.

घरी येऊन ती जेवली नाही. देवूनं ताट तिच्यासमोर सरकवलं आणि लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा मोठ्यानं आपलं मत सांगितलं.

“शकूची आय, नेम होडीचा हाय,” तो म्हणाला. “तू कालवांना जातेस ते काय होडीतून जातेस?”

पारू त्याच्याकडे बघत राहिली. गावच्या बायका भर पावसाळ्यातही ओहोटीला खडकांना चिकटलेले कालवांचे शिंपले फोडायला जात, त्याला कधी कुणाची आडकाठी नव्हती. आणि अवसेच्या उधाणात पाणी भरतं तेवढंच ओसरतंही. त्या दोन-तीन दिवसांत कालवांचा खडक गावापासून थेट गोडबावपर्यंत उघडा पडतो. पुरुष त्या वाटेनं कधी जात नसत, त्यांना होडी होती. बायकांच्या ती पायाखालची होती. बांबू त्या वाटेनं नेता येणार नव्हते, पण पायांना जे पाठ होतं ते येणार होतं.

“एवडं डोकं होतं तर इतकी वर्सं कुठं ठेवलं होतं?” ती म्हणाली आणि जेवायला बसली.

ठरल्या दिवशी झुंजूमुंजू होताना पारू आणि शकू निघाल्या. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, हातात कालवं फोडायची कोयती, डोक्यावर पाटीत भाकरी. भगवंत किनाऱ्यावर उभा होता.

“कुठं गो?”

“कालवांना.”

भगवंतनं समोरच्या बेटाकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे पाहिलं. “संभाळून जा,” एवढंच म्हणाला आणि मिशीत हसला.

खडक धारदार, शेवाळ निसरडं, मधे दोन ठिकाणी कमरेइतकं पाणी. शकूचा तळवा कापला. दोघी बेटावर चढल्या तोवर मागे पाणी वळलं होतं. आता संध्याकाळच्या ओहोटीपर्यंत परत जाणं नाही. पारूनं विहिरीवरचा पाला काढला, तोंड धुतलं आणि माळावर येऊन बसली. गवत गुडघाभर वाढलेलं. खरंच कुठे काही दिसत नव्हतं. पुंजारामाला दोष तरी काय द्यायचा, असं एकदा तिच्या मनात आलं. तिनं ते लगेच काढून टाकलं.

दुपारी भरतीबरोबर लाँच आली. ती सरळ दक्षिणेच्या वाळूकडे वळलेली पाहून पारू पळत कड्यावर गेली आणि पदर हलवून ओरडली, “तिकडं नको! रुतन हाय! इकडनं या, ताडाकडनं!” खलाशानं ऐकलं म्हणून बरं. मामलेदार कोरड्या पायांनी उतरले. मागून एक कारकून आणि पुंजाराम. पुंजारामाच्या हातात त्याची पुस्तिका होती.

“तुम्ही आलात कशा?” मामलेदारांनी विचारलं.

“चालत.”

पुंजारामानं मान वळवून मधल्या पाण्याकडे पाहिलं. मग माळाकडे हात करून म्हणाला, “साहेब, आपणच बघा. गवत आहे, झाडं आहेत. वस्ती असती तर भिंत दिसली असती, जोतं दिसलं असतं. ह्या बाई म्हणतात आम्ही राहतो. पण वर्षातले तीन महिने जर इथे चिटपाखरू नसेल, तर त्याला निर्जनच म्हणायचं ना?”

पारू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “तुमचा गाव कंचा, भाऊ?”

“नगर जिल्हा. पाथर्डीकडे.”

“घरी कोन हाय?”

“आईवडील आहेत. भाऊ-भावजय आहे.”

“आता घरीच हायत?”

“आता आहेत. दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात. अख्खं गावच जातं, चार-पाच महिने.” बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला.

“मंग दिवाळीनंतर कोनी तुमच्या गावात आला,” पारू म्हणाली, “आनि लिवला का हितं कोनी नाय ऱ्हात, मी हितं बंगले बांधतो, तर तुमच्या आईला काय वाटंल?”

वारा गवतातून वाहत होता. पुंजाराम पुस्तिकेची घडी घालत राहिला, उलगडत राहिला. त्याच्या घराला लागलेलं कुलूप त्याला दिसत असणार. दारावर ओढलेली बाभळीची फांदीही.

मामलेदारांनी चष्मा पुसला. “बाई, तुमचं म्हणणं मला पटतं. पण मला खूण लिहायची आहे. खूण कुठे आहे?”

“तुमी खुनेवरच हुबे हाव, सायब. जरा बाजूला व्हा.”

ते बाजूला झाले. पारूनं खाली पाहिलंसुद्धा नाही. पायानं गवत दाबलं, टाचेनं चाचपलं आणि चपटा दगड सरकवला. आत पालथी करवंटी. ती काढली तर खाली हातभर खोल गड्डा, रेती न शिरलेला, स्वच्छ, कडेला पहारीचे घाव. तिथून चार पावलं चालली, दुसरा. पुन्हा चार पावलं, तिसरा. पलीकडून शकू कापलेल्या पायानं दुसरी ओळ उघडत निघाली. मायलेकी माळभर चालत होत्या आणि मागे गड्ड्यांच्या सरळ ओळी उघड्या पडत होत्या.

“ह्यो आमच्या वलांडीचा. ह्यो माझ्या झोपडीचा, दाराकडचा. ह्यो देवूच्या आजानं खनला, ह्याच्यात त्याचा अंगठा चेचला. हितं चूल. ह्या दोन खांबांच्या मदी माझी शकू जन्माला आली, तुमच्या पुस्तकात लिवायचं राहिलं. दोनशे चवदा हायत, सायब. मोजून घ्या.”

कारकून मोजायला लागला. साठ झाल्यावर मामलेदारांनीच त्याला थांबवलं. पुंजाराम एका गड्ड्यापाशी उकिडवा बसला, आत हात घातला आणि तळाशी बोटं फिरवली. मग उठून तो मामलेदारांकडे आला.

“साहेब, ह्या ओळीवरनं मी मागच्या साली चाललो होतो,” तो म्हणाला. “तसंच लिहून घ्या.” आणि खिशातली पेन्सिल काढून त्यानं स्वतःच्या पुस्तिकेतल्या ‘निर्जन’वर काट मारली. मंडळाकडून त्याला काय ऐकून घ्यावं लागणार होतं ते त्याला ठाऊक होतं. तरी मारली.

मामलेदारांनी तिथेच खडकावर बसून लिहिलं. बेटाचं नाव गोडबाव. पागधऱ्यांच्या सात घरांची पिढीजात वस्ती, नारळी पौर्णिमा ते ज्येष्ठ. मंडळाचा अर्ज नामंजूर. शकूनं ते मोठ्यानं वाचून आईला ऐकवलं आणि पारूनं प्रत्येक शब्दाला मान हलवली.

मग तिनं विहिरीतून पाणी काढलं. करवंट्या धुऊन घेतल्या आणि पाहुण्यांना पाणी दिलं. पहिली करवंटी मामलेदारांना, दुसरी पुंजारामाला. त्यानं एक घोट घेतला आणि चमकून वर पाहिलं.

“गोडं आहे!”

“टाकी नका बांधू,” पारू म्हणाली. “पाव्हने म्हनून कवाबी या. नारळ पडल्यावर या, बायकामुलांना घेऊन या, ताज्या मासळीचं जेवाय घालते. फकस्त उतरायच्या आदी हाक मारा. दुसऱ्याच्या दारात हाक मारूनच येतात.”

पाणी उतरायला लागलं तशी खलाशानं घाई केली. मामलेदार म्हणाले, “चला बाई, लाँचमधून सोडतो. मुलीचा पाय कापलाय.”

“नको सायब. नारळ पडल्याबिगर आमी होडीत नाय बसत. ओहोटी होईल, जाऊं आमी.”

लाँच निघाली. पुंजाराम मागच्या बाजूला उभा राहून बघत होता. बेट हळूहळू लहान होत गेलं, पण माळावरची ती बाई त्याला बराच वेळ दिसत होती. ती खाली वाकत होती, उठत होती, चार पावलं चालत होती, पुन्हा वाकत होती. उघडलेल्या प्रत्येक गड्ड्यात ती करवंटी परत बसवत होती. पौर्णिमेला अजून तेरा दिवस होते.